गोड बोलू नका, मिनिटं सांगा

बंद जागेची भीती वाटते असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "लहानपणी कुणी कोंडून ठेवलं होतं का हो?" नाही. आमच्या परभणीच्या घरात कोंडण्यासारखी जागा एकच होती, धान्याची कोठी, आणि तिची किल्ली कायम आजीच्या कमरेला. मला कुणी कोंडलं नाही, मी कुठे अडकले नाही, विहिरीत पडले नाही. तरी औंढा नागनाथला गेलो की घरातले सगळे खाली दर्शनाला उतरायचे आणि मी वर सभामंडपात सगळ्यांच्या पर्स सांभाळत बसायची. ज्यांनी ते देऊळ पाहिलंय त्यांना कळेल. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरायचं, बुटक्या छताखाली पिंडीभोवती दाटीवाटीनं बसायचं आणि खाली येणाऱ्यांनी वाट दिली तर वर यायचं. आई म्हणायची, "देवाच्या दारात कसली गं भीती?" देवाची नव्हतीच. वाट मिळेल की नाही, याची होती.

या भीतीबरोबर संसार नीट करता येतो. लिफ्टऐवजी जिना, थिएटरमध्ये कडेची खुर्ची, परक्या घरी बाथरूमची कडी अर्धीच लावायची. ह्यांना सवय झाली, मुलाला वाटायचं सगळ्यांच्याच आया सहा मजले चढतात. डॉक्टरकडे जाऊन यावर काही उपचार करावेत असं कधी वाटलं नाही, कारण अडत काहीच नव्हतं. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. भाजी चिरताना सुरी हातातून सुटायला लागली, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी मान इकडून तिकडून वळवून पाहिली आणि चिठ्ठी लिहिली : मानेचा एमआरआय काढून या.

जिथे गेलो ते सेंटर चकाचक होतं. आत शिरताच हात जोडून नमस्कार, "बसा ना मॅडम", कॉफीचं मशीन, भिंतीवर धबधब्याचा मोठा फोटो. नव्या यंत्राची जाहिरातही होती : रुंद तोंडाचं, ७० सेंटिमीटरचं, घाबरणाऱ्या पेशंटसाठी खास. मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, मला बंद जागेचा त्रास आहे. ती म्हणाली, "काही काळजी करू नका मॅडम, आमच्याकडे सगळे खूप को-ऑपरेटिव्ह आहेत." पैसे भरले. पावती मिळाली. आणि त्या काचेच्या दाराच्या पलीकडे गेल्यावर मी मॅडमची पेशंट झाले.

एका मुलानं गाऊन दिला. मागच्या नाड्यांपैकी एकच शाबूत. आडोसा म्हणून पडदा होता, तो पुरत नव्हता. "सगळं काढा, अंगावर काही ठेवू नका," एवढीच सूचना. माझ्या आधीच्या बाई मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या आणि तो मुलगा त्यांच्यावर ओरडत होता. ते का काढायचं हे एका वाक्यात सांगितलं असतं तर त्या बाईंनी काढलं असतं. मी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना सगळं रुमालात बांधून ह्यांच्याकडे दिलं. आतल्या कपड्याला लावलेली सेफ्टी पिन मला माझीच आठवली. एमआरआयचं यंत्र म्हणजे एक भलंमोठं चुंबक. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण पोलादी सेफ्टी पिन त्या खोलीत गोळीसारखी सुटू शकते. मराठी बायकांच्या अंगावर कुठे ना कुठे एक पिन असतेच, हे पुण्यात एमआरआय काढणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं.

पुढचं भराभर झालं. झोपा, डोकं इथे, कानात बोळे. मानेवरून आणि चेहऱ्यावरून प्लास्टिकचा पिंजरा येऊन खटकन बसला. त्याला कॉइल म्हणतात, हे नंतर कळलं. हातात रबरी बल्ब आला. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. "हलू नका हं काकू," आणि पाट आत सरकला. मी डोळे उघडे ठेवले होते. नाकाच्या वर वीतभर अंतरावर पांढरं छत आलं. पाठीमागे दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि त्या क्षणापासून माझ्याशी कुणी बोललं नाही.

आवाजाबद्दल सगळे सांगतात आणि तो असतोच, शेजारच्या फ्लॅटमधल्या फरश्या कुणी तुमच्या कवटीवर ठेवून फोडाव्या तसा. पण मला आवाजानं तितकं छळलं नाही. आवाज चालू आहे म्हणजे काम चालू आहे, एवढं तरी समजत होतं. छळलं ते मधल्या शांततेनं. धडधड थांबली की वाटायचं, झालं. मग काहीच व्हायचं नाही. संपलं का? बिघडलं का? तो मुलगा चहाला गेला का? मी आत आहे हे कुणाच्या लक्षात तरी आहे का? तेवढ्यात पुन्हा ठोकाठोकी सुरू. किती वेळ गेला माहीत नाही, किती राहिलाय माहीत नाही. अशा वेळी माणूस मिनिटं मोजत नाही, श्वास मोजतो, आणि तिथेच घात होतो.

कारण घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानं चक्कर येते, ओठ बधिर होतात, हातापायांना मुंग्या येतात आणि गंमत म्हणजे हवा पुरत नाही असं वाटतं. हवा भरपूर असते. तो बोगदा दोन्ही टोकांना उघडा असतो, आत पंखा असतो, दिवा असतो. पण हे डोक्याला माहीत, छातीला नाही. एका हाताच्या मुंग्यांसाठी मी आत गेले होते, आता दोन्ही हातांना येत होत्या.

मी बल्ब दाबला. काही वेळानं स्पीकरमधून आवाज आला, "काय झालं?" मी म्हटलं, मला बाहेर यायचंय. "पाचच मिनिटं राहिलीत, हलू नका, नाहीतर परत पहिल्यापासून करावं लागेल." ती पाच मिनिटं कुणाच्या घड्याळातली होती देव जाणे. पुन्हा दाबला. या वेळी स्पीकर नीट बंद झाला नव्हता, त्यामुळे आतलं बोलणं ऐकू आलं : "पेशंट हलतोय राव, सगळं वाया." मग मी बल्ब दाबतच राहिले. बाहेर काढल्यावर त्यानं पिंजरा उचलला आणि म्हणाला, "लहान मुलं करतात हो काकू. तुम्हाला काय झालं?" काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा हात जोडले आणि सांगितलं की पुन्हा यायचं तर अर्धे पैसे भरावे लागतील.

घरी आल्यावर मी त्या मुलापेक्षा त्या यंत्राबद्दल जास्त वाचलं. ज्याची भीती वाटते त्याचं पोट उघडून पाहायची मला खोड आहे. त्या बोगद्याच्या भिंतीत अतिवाहक तारेची वेटोळी असतात, द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली, उणे २६९ अंश सेल्सिअसला. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो, त्यामुळे एकदा सोडलेली वीज फिरतच राहते आणि चुंबक कायम जिवंत राहतं. रात्री दिवे मालवून सगळे घरी गेले तरी ते चालूच. नेहमीच्या यंत्राची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला तरुण चुंबकाकडे खेचला गेला आणि दगावला. तो पेशंटही नव्हता, नातेवाईकासोबत आला होता. यंत्र बंद आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. ते कधी बंद नसतंच. तिथे निष्काळजीपणे उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत एवढी असू शकते.

ठोकाठोकी कशाची, तेही कळलं. मुख्य चुंबकाच्या आत आणखी काही वेटोळी असतात. त्यांतली वीज क्षणोक्षणी उलटसुलट करावी लागते, म्हणजे ज्या संदेशांवरून चित्र तयार होतं त्यांतला कुठला शरीराच्या कुठल्या भागातून आला ते ओळखता येतं. एवढ्या मोठ्या चुंबकाच्या पोटात वीज अशी झटके देऊन फिरवली की ती वेटोळी थरथरतात, आणि तो थरकाप शंभर डेसिबलच्या वर जातो. प्रत्येक प्रकारच्या चित्रासाठी वेगळी लय. एकेक फेरी साधारण दोन ते पाच मिनिटांची. आणि हे वाचून मी खुर्चीतून उठलेच : कोणत्या फेरीला किती वेळ लागणार हे यंत्राला आधीच माहीत असतं. काचेपलीकडे बसलेल्याच्या पडद्यावर उरलेला वेळ सेकंदासेकंदानं कमी होताना दिसतो.

म्हणजे ज्याच्यासाठी मी आत तडफडत होते तो आकडा बाहेर झळकत होता. फक्त तो सांगायचा नव्हता, एवढंच.

हे यंत्र माणसावर पहिल्यांदा चाललं ती हकीकत मला फार आवडली. ३ जुलै १९७७ ला न्यूयॉर्कमध्ये रेमंड दमाडियन या डॉक्टरनं विद्यार्थ्यांच्या मदतीनं बांधलेल्या यंत्रात माणसाच्या छातीचा पहिला आडवा छेद टिपला. दमाडियन आधी स्वतः आत बसला होता, पण त्याच्या आडव्या अंगामुळे संदेश मिळेना. मग लॅरी मिंकॉफ हा सडपातळ विद्यार्थी बसला. जवळपास पाच तास! आज सेकंदांत मिळतं त्याहून कितीतरी धूसर अशा एका चित्रासाठी. पुढे २००३ चं नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, दमाडियनला नाही, आणि त्यानं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला, तो वेगळाच तमाशा. माझं लक्ष मिंकॉफकडे. पाच तास बसला, पण आपण का बसलोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, यंत्र त्यानंच इतरांसोबत बांधलं होतं. माहितीनं भीती जाते असं नाही, पण भीतीला टेकायला भिंत मिळते.

दुसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांना आधी सांगितलं. त्यांनी झोपेची नव्हे, पण मन सैल करणारी हलकी गोळी देऊ केली. ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, सोबत माणूस हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. गुडघ्याचा किंवा घोट्याचा एमआरआय असेल तर पाय आधी घालून काम होतं आणि डोकं बहुतेक बाहेर राहतं, हेही त्यांनीच सांगितलं. माझं मानेचं प्रकरण, त्यामुळे ती सोय नव्हती. काही ठिकाणी बाजूंनी मोकळं असं ओपन एमआरआय असतं, पण त्याचं चुंबक सहसा कमी ताकदीचं, चित्रं तितकी स्वच्छ येत नाहीत, आणि मानेच्या नसा बघायच्या तर डॉक्टरांना स्वच्छच हवी होती.

मग मी फोन करायला बसले. जागा केवढी, यंत्र कोणतं, हे विचारणं सोडून एकच प्रश्न विचारला : मधेमधे पेशंटशी बोलता का? बहुतेक ठिकाणी "हो मॅडम, नक्कीच मॅडम". एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "फेरी चालू असताना बोलून उपयोग नाही, ऐकू येत नाही. मधे सांगते." मी तिथलीच वेळ घेतली.

शहराच्या जुन्या भागात, तळघरात होतं ते. ही यंत्रं इतकी जड असतात की बऱ्याच ठिकाणी खालीच बसवतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, कॉफी नाही, धबधबा नाही, भिंतीवर गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा कायद्यानं लावलेला फलक तेवढा. यंत्र जुनं, तोंड ६० सेंटिमीटरचं, म्हणजे आधीच्यापेक्षा अरुंद. मला तिथूनच परतावंसं वाटलं होतं. टेक्निशियन बाई चाळिशीच्या, दमलेल्या, एकदाही हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म माझ्या हातात न देता स्वतः वाचून विचारला. पेसमेकर? ऑपरेशन झालंय का, आत क्लिप, स्क्रू, प्लेट? दातात काही? अंगात पिन? "पदराची, परकराची, ताबिजाची, कुठलीही. हात लावून बघा." ह्यांना आत माझ्याजवळ बसू द्याल का, असं मी विचारलं तर नाही म्हणाल्या नाहीत, ह्यांचीच उलटतपासणी घेतली. काम काय करायचात? भोसरीत वर्कशॉप, ह्यांनी सांगितलं. ग्राइंडिंग? हो. डोळ्यात कण गेला होता कधी? एकदा गेला होता, काढला. "पूर्ण निघाला हे एक्स-रेनं बघितलं होतं?" ते ह्यांना आठवेना. "मग तुम्ही बाहेर थांबा. लोखंडाचा कण राहिला असेल तर तो डोळ्यात सरकतो." आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तो कण ना मला आठवला ना ह्यांना.

मग माझ्याकडे वळल्या. "मागच्या वेळी अर्धवट राहिलं ना? आवाजानं का जागेनं?"

"जागेनं."

"मग डोळे आत्ताच मिटा, बाहेर असतानाच. आत गेल्यावर मिटून उपयोग नाही, एकदा बघितलं की बघितलं." डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन ठेवला. बल्ब दिला. "दाबा." दाबला, पलीकडे घंटा वाजली. "ऐकलंत? हा दाबलात की मी बाहेर काढणार. का म्हणून विचारत बसणार नाही. आणि फेरी चालू असताना थुंकी गिळू नका, मान हलते. थांबलं की गिळा."

माझा अर्धा उपचार तिथे झाला. बाहेर येता येईल हे एकदा ठरलं की बाहेर यायची घाई राहत नाही. औंढ्याच्या पायऱ्यांवर कुणी उभं राहून "तू म्हणशील तेव्हा सगळ्यांना बाजूला करते" असं म्हटलं असतं तर कदाचित मीही पिंडीपर्यंत गेले असते.

आत गेल्यावर स्पीकर बोलला. "पहिली अर्ध्या मिनिटाची. जागा बघायची फक्त." थांबलं. "गिळा. आता साडेतीन मिनिटं." थांबलं. "आता चार. ही जोरात आहे." एवढंच. "घाबरू नका" नाही, "रिलॅक्स" नाही, "छान करताय" नाही. कुणी घाबरू नका म्हटलं की मला आधी आठवतं की घाबरायचं आहे. साडेतीन मिनिटं म्हटलं की हातात धरायला काहीतरी मिळतं.

साडेतीन मिनिटांचं काय करायचं याची तयारी मी केली होती. नणंद म्हणाली स्तोत्र म्हण. पण पाठ असलेलं जीभ आपोआप म्हणत राहते आणि मन मोकळं सुटून छताकडे बघायला जातं, हा मला अनुभव. म्हणून मी पाढे घेतले, तेही अवघड. बे आणि पाच काही कामाचे नाहीत. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, इथून पुढे मला दर पायरीला थांबून हिशेब करावा लागतो, आणि हिशेब करणाऱ्या डोक्याला एकाच वेळी गुदमरता येत नाही. सोबत श्वास : घ्यायचा नेहमीसारखा, सोडायचा लांब, एका पायरीला एक. सत्तेचाळीसचा करायला घेतला तेव्हा मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि स्पीकर म्हणाला, "एक फेरी परत घ्यावी लागेल. गिळलंत तुम्ही. तीन मिनिटं." खरं म्हणजे मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण सांगितलं होतं आणि आकडा सांगितला होता.

भीती गेली का? नाही. एकदा नॅपकिन जरा सरकला, कडेनं पांढरं दिसलं आणि पोटात गोळा आला. बल्बवर बोटं घट्ट झाली. पण दाबला नाही.

त्या पहिल्या मुलाबद्दल मला आता तितका राग नाही. बाहेर खुर्च्या भरलेल्या, फोन वाजतोय, काउंटरवरून "पुढचा घेतला का" चालू, आणि एकटा पोरगा पेशंट झोपवतोय, यंत्र चालवतोय, सुई लावतोय. त्याला कुणी शिकवलंच नसेल की बोलणं हाही तपासणीचाच भाग आहे. राग आहे तो त्या हिशेबावर, ज्यात नमस्कार करायला माणूस ठेवला जातो, कॉफीसाठी मशीन ठेवलं जातं आणि काचेच्या आतल्या भागात मात्र कुणाला एक वाक्य बोलायची फुरसत नसते. आणि तरी, "पुढची चार मिनिटं" म्हणायला लागतात किती? ती दमलेली बाई एकटीच होती. तिच्याही बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या.

रिपोर्ट आला : पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर टेकली आहे. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात जेमतेम अर्धा मिनिट धरली. ऑपरेशन नको म्हणाले, फिजिओथेरपी सुरू झाली. हाताच्या मुंग्या पुष्कळ कमी आहेत, सुरी हातात राहते.

पहिल्या सेंटरला मी पत्र लिहिलं. तक्रार म्हणून नाही, एकच मागणी : फेरी सुरू करण्याआधी किती मिनिटांची ते पेशंटला सांगावं, आणि बल्ब वाजवून दाखवावा. दोन दिवसांत उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे, आणि सोबत संपूर्ण शरीर तपासणीवर सवलतीचं कूपन. मी ते फाडणार होते. ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्यावर स्वतःची शुगर तपासून आले. वाढली आहे.